शेती की सरोवर, या पाण्याच्या भांडणात गेम थिअरी, म्हणजे एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित, खरंच कामी येते का?
येते, पण उपसा मोजला जात असेल तरच. इराणचं उर्मिया सरोवर बघा. 1990च्या दशकात सुमारे 5,000 चौरस किलोमीटर पसरलेलं हे खारं पाणी 2014पर्यंत जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आलं. खोऱ्यात बागायत, धरणं, विहिरी वाढत गेल्या. एकट्या शेतकऱ्याने उपसा थांबवला तर ते पाणी शेजारी ओढतो, म्हणून कोणीच थांबत नाही. हाच गणितज्ञ जॉन नॅशच्या नावाचा नॅश समतोल: बाकीचे बदलत नसतील तर एकट्याने बदलून कोणाचाच फायदा होत नाही. त्यात नुकसान सगळ्यांचंच, कारण उघड्या पडलेल्या तळावरचं मीठ वाऱ्याने त्यांच्याच शेतांवर येतं. नुसत्या आवाहनाने हे सुटणार नाही. पाणी सोडणाऱ्याला भरपाई हवी आणि चोरून उपसणाऱ्याला दंड, आणि दोन्हींसाठी उपसा मोजावा लागतो. भरपाई किती, हे ठरवताना नॅशचं वाटाघाटीचं सूत्र उपयोगी पडतं: करार झालाच नाही तर प्रत्येकाच्या हाती काय उरेल, तिथून हिशेब सुरू होतो.