फिलिपिन्समधली पहिली मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) नक्की कुठे झाली, लिमासावा की बुतुआन?

लिमासावा. दक्षिण लेतेच्या टोकाजवळचं छोटं बेट. ३१ मार्च १५२१, ईस्टरचा रविवार, दर्यावर्दी मॅगेलनच्या ताफ्यातले धर्मगुरू पेद्रो दे वाल्देर्रामा. तुम्ही विचारलंय की बुतुआनचे लोक अजून का मानत नाहीत आणि बोलिनाओचं नाव मधेच कुठून येतं. बोलिनाओकडे शेवटी येतो, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आणि संतापाचा विषय आहे. आधी बुतुआन, म्हणजे दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचं शहर.

मी वसईचा, जन्माने कॅथलिक, आणि उमेदीची सगळी वर्षं बोटीवर काढली. सेकंड ऑफिसर होतो तेव्हा आमचं बल्क कॅरिअर (सुटा माल वाहणारं जहाज) निकेल ओअर (कच्चं खनिज) भरायला मिंदानाओतल्या सुरिगावच्या बाजूला नांगरून होतं. तिथे जेट्टी नसते, बार्जमधून माल येतो, आणि पाऊस लागला की काम बंद. ओल वाढलेलं ओअर होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कप्प्यात, चिखलासारखं वाहू लागतं आणि जहाज कलंडतं. अशी जहाजं माणसांसकट गेलेली आहेत, म्हणून त्याबाबतीत कोणी हयगय करत नाही. हॅच झाकून आम्ही बसून होतो. पवित्र आठवडा चालू होता. क्रू जवळजवळ सगळा फिलिपिनो. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) बुतुआनचा, पन्नाशीपुढचा, कामाला वाघ. मेसमन (जेवण वाढणारा) पाद्रे बुर्गोसचा, कोवळा पोरगा. पाद्रे बुर्गोस म्हणजे लिमासावाची होडी जिथून सुटते ते गाव.

जेवताना पोरगा सहज म्हणाला की ईस्टरला आमच्या बेटावर मोठा सोहळा असतो, पहिली मिस्सा तिथेच झाली. बोसनने ताट बाजूला सारलं. म्हणाला, पहिली मिस्सा मासाओला झाली, बुतुआनमध्ये, आगुसान नदीच्या तोंडाशी. तिथे १८७२ सालचं स्मारक आहे, माझ्या आजीने मला हात धरून दाखवलंय. तुमच्या बेटाला सरकारने कागदावर मान दिला म्हणून इतिहास बदलत नाही. पोरगा गप्प झाला. बोसनपुढे मेसमन काय बोलणार? मग बोसन माझ्याकडे वळला. "सेकंड, तुम्ही कॅथलिक, नकाशे तुमच्याकडे. तुम्ही सांगा."

मी चार्ट खाली आणला आणि मेसच्या टेबलावर पसरला.

अक्षांशापासून सुरुवात केली, कारण सगळे तिथूनच करतात. मॅगेलनच्या ताफ्यात प्रवासाची वही लिहिणाऱ्या आंतोनिओ पिगाफेत्ताने मिस्सा झाली त्या बेटाचं नाव मझावा लिहिलं आणि अक्षांश दिला ९ अंश ४० मिनिटं. ताफ्यातल्याच फ्रान्सिस्को आल्बोच्या लॉगमध्ये (जहाजाच्या नोंदवहीत) ९ अंश २० मिनिटं. जेनोवाच्या पायलटने सरळ ९ लिहिलं. लिमासावा आहे ९ अंश ५६ मिनिटांवर, बुतुआन ९ च्या किंचित खाली. म्हणजे एक आकडा बुतुआनला जवळचा, एक लिमासावाला आणि एक अधला मधला. ज्याने ॲस्ट्रोलेबची (सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून अक्षांश काढायच्या जुन्या यंत्राची) माहिती घेतली आहे त्याला यात नवल नाही. अर्ध्या अंशाची चूक तेव्हा नेहमीची होती. त्याच पिगाफेत्ताने होमोनहोन बेट १० अंशांवर दाखवलंय, प्रत्यक्षात ते पाऊण अंश उत्तरेला आहे. नुसत्या अक्षांशावर जो कोणी हा खटला जिंकल्याचं सांगतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो, त्याचं ऐकू नका.

खरा पुरावा मार्गाचा. पॅसिफिक ओलांडून ताफा होमोनहोनला थांबला, तिथून २५ मार्चला निघाला, २८ ला मझावाला नांगर टाकला, सात दिवस राहिला. तिथून सेबू. पिगाफेत्ता वाटेतली नावं देतो: लेते, बोहोल, कानिगाव, बायबाय, मग कामोतेस बेटं. मी पेन्सिलने रेघ ओढली. लिमासावाहून निघा, लेते आणि बोहोलच्या मधल्या खाडीतून वर चढा, लेतेचा पश्चिम किनारा धरा, कामोतेसपाशी डावीकडे वळा, सेबू. एकही नाव जागा सोडत नाही. आता बुतुआनहून निघून बघा. आधी साठ-पासष्ट मैल उत्तरेला येऊन नेमकं लिमासावाच्याच पाण्यात शिरावं लागतं, आणि त्या मोठ्या टप्प्याचा वहीत उल्लेखच नाही. शिवाय आगुसान ही मिंदानाओतली मोठी नदी. जो माणूस राजाच्या दातांवरचे सोन्याचे ठिपके लिहून ठेवतो, त्याला नदीच्या तोंडाशी आठवडाभर राहून नदी दिसली नाही, हे मला कोणी पटवू शकत नाही.

बोसन ऐकत होता. म्हणाला, "पण दोन राजे होते. एक आमचा होता."

बरोबर. आणि माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल तिथेच आहे. मझावाचा राजा कोलाम्बू. त्याचा भाऊ सियावी, बुतुआन आणि कालागानचा राजा. पिगाफेत्ता स्पष्ट लिहितो की दोघांना भेटायचं असलं, शिकारीला जायचं असलं की ते या बेटावर येत. म्हणजे सियावी आपल्या मुलखातून होडीने मझावाला आला होता. मझावा हेच बुतुआन असतं तर तो कुठून आला? चव्वेचाळीस वर्षांनी लेगास्पीचा स्पॅनिश ताफा आला, तोही मझावा आणि बुतुआन ही दोन वेगळी ठिकाणं समजूनच फिरला.

मग त्या सकाळचं वर्णन मी त्यांना सांगितलं, कारण ते दोघांनीही पूर्ण ऐकलेलं नव्हतं. पन्नासेक माणसं चिलखत न घालता, चांगले कपडे करून किनाऱ्यावर उतरली. दोन्ही राजांच्या अंगावर सुगंधी पाणी शिंपडलं. क्रूसाचं चुंबन घ्यायला दोघे पुढे आले, पण अर्पण केलं नाही. पवित्र भाकर उंच धरली तेव्हा हात जोडून गुडघ्यांवर होते, आणि त्याच क्षणी जहाजांवरून तोफा सुटल्या. दुपारी सगळ्यात उंच टेकडीवर क्रूस रोवला. सियावीबद्दल पिगाफेत्ता म्हणतो की इथे पाहिलेल्या लोकांत सगळ्यात देखणा हाच, आणि त्याच्या मुलखात अक्रोडाएवढे, अंड्याएवढे सोन्याचे गोळे सापडतात.

बोसन बराच वेळ चार्टवर बोट ठेवून होता. मग पोराला म्हणाला, "जागा तुमची. पण पहिल्या मिस्सेला गुडघे टेकणारा बुतुआनचा होता, हे तुमच्या लोकांना सांग." पोराने मान हलवली. मला दोघांचाही फार अभिमान वाटला. ईस्टरला पाऊस थांबला नव्हता, मेसमध्येच प्रार्थना झाली आणि वाचन बोसनने केलं.

आता तुमच्या "वाद का मिटत नाही" याबद्दल. १६६३ मध्ये फ्रान्सिस्को कोलिन या जेझुइटाने पहिली मिस्सा बुतुआनला लिहिली, पुढचे त्याच्यावरून लिहीत गेले, दोनशे वर्षांत ती श्रद्धा झाली आणि तिचं दगडी स्मारक झालं. पिगाफेत्ताचं हस्तलिखित छापून आलं १८०० मध्ये, इंग्रजीत नीट यायला विसावं शतक लागलं. १९६० च्या कायद्याने लिमासावाला राष्ट्रीय मान दिला. त्यानंतर गान्कायको, लेगार्दा आणि मोहारेस अशा तीन समित्यांनी पुन्हा सगळं तपासलं, शेवटचीचा निर्णय २०२० मध्ये आला, आणि तिन्हींचं उत्तर एकच. बुतुआनवाल्यांना वाटतं की आपलं काहीतरी काढून घेतलं. मला हे कळत नाही. ज्या गावाचं नाव १००१ साली चीनच्या सोंग दरबाराच्या नोंदीत आहे, जिथे हजार वर्षांपूर्वीच्या बालांगाय होड्या चिखलातून निघाल्या, त्याला उसन्या मिस्सेची गरज काय?

आणि आता बोलिनाओ. पांगासिनानमधल्या या गावात चर्चपुढे फलक आहे की १३२४ मध्ये फ्रान्सिस्कन साधू ओडोरिकने इथे मिस्सा केली. हा ओडोरिक आम्हाला परका नाही. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले, जॉर्डनस या डॉमिनिकन साधूने त्यांना सोपाऱ्याला पुरलं, आणि थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिकने त्यांच्या अस्थी काढून चीनमधल्या झायतोन बंदरात नेल्या. त्याने १३३० मध्ये पादुआत सगळा प्रवास सांगून लिहवून घेतला. सुमात्रा, जावा, चंपा, कँटन, सगळं त्यात आहे. लुझॉन नाही. तिथली मिस्सा नाही. ज्याने ठाण्याच्या अस्थींची हकिगत इतकी तपशिलाने सांगितली, तो नव्या देशातली मिस्सा गाळेल?

हेच मी आमच्याकडच्या एका स्मरणिकेच्या बैठकीत सांगितलं होतं. एका वडीलधाऱ्या सभासदांनी लेखात घातलं होतं की सोपाऱ्याच्या अस्थी फिलिपिन्समार्गे गेल्या आणि तिथली पहिली मिस्सा त्या अस्थींसमोर झाली. मी म्हटलं, काका, याला कागद दाखवा. ते म्हणाले, श्रद्धेला कागद मागतोस, बोटीवर राहून तू धर्म विसरलास. वाक्य छापलं गेलं, मला मंडळातून वगळलं. मी धर्म विसरलेलो नाही. पिगाफेत्ताच्या वहीतली ती सकाळ वाचताना आजही माझे डोळे भरतात, आणि ते भरतात कारण ती घडली.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. "पहिली" म्हणजे नोंद असलेली पहिली. २४ मार्चला झावळ्यांचा रविवार होता, ताफा होमोनहोनला होता आणि धर्मगुरू सोबत होते. तिथे मिस्सा झाली असेल तर लिहिलेली नाही. बाप्तिस्मे लिमासावाला झालेच नाहीत, ते १४ एप्रिलला सेबूला. आणि बेटावर जाणार असाल तर पूर्वेकडच्या मागायानेसच्या जुन्या स्थळासोबत पश्चिमेची त्रियानाही बघा, मोहारेस समितीने मिस्सेची जागा त्या बाजूला मानली आहे. होडी पाद्रे बुर्गोसहून, समुद्र खवळला की बंद.

वसईहून जाणारे कोणी असाल तर फिलिपिन्सशी आपला खरा धागा गोन्सालो गार्सिया आहे. वसईत जन्मला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला, तिथून जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मेला, १८६२ मध्ये संत झाला. यातल्या प्रत्येक गोष्टीला कागद आहे. स्मरणिकेची पुढची आवृत्ती काढणाऱ्यांनी ओडोरिकचं ते वाक्य काढावं आणि त्या जागी हे छापावं. माझं नाव मंडळात नसलं तरी चालेल.