लिनक्सच्या सगळ्या डिस्ट्रोंनी मिळून एकच मानक का ठरवलं नाही?

ठरवलं होतं की! डिस्ट्रो म्हणजे उबंटू, डेबियन यांसारखी लिनक्सची वेगवेगळी तयार रूपं. एका डिस्ट्रोवर बनवलेला प्रोग्रॅम दुसरीवर उघडतच नाही, हा त्रास मिटवायला 'लिनक्स स्टँडर्ड बेस' (एलएसबी) आलं. 2001 मध्ये 1.0, 2006 मध्ये आयएसओचा शिक्का. कोणत्या लायब्ररी (प्रोग्रॅमांना लागणारा तयार कोड) हव्यात, त्यांत कोणती फंक्शनं हवीत, सगळं कागदावर होतं.

पण पॅकेज (प्रोग्रॅम इन्स्टॉल करायची फाईल) आरपीएम प्रकारचंच हवं, असा त्यात नियम. डेबियनचा सगळा संसार डेब पॅकेजांवर. डेबियनवाले 'एलियन' नावाच्या टूलने आरपीएमचं डेब करून वेळ निभावायचे. खरं दुखणं वेगळंच होतं. मांडव घातला, वऱ्हाड आलंच नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या एलएसबीचं प्रमाणपत्र घेण्यापेक्षा 'रेड हॅट आणि सुसेवर चालेल' एवढं लिहून मोकळ्या व्हायच्या. 2015 मध्ये 5.0 आली आणि त्याच वर्षी डेबियनने एलएसबीचा बहुतेक भाग सोडून दिला. फोल्डरांची मांडणी ठरवणारं एफएचएस तेवढं टिकलं.

मग आज गाडी चालते कशावर? कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या बाबतीत लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचा हट्ट आहे: कर्नल बदलला म्हणून चालता प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. (माणूस तिरसट असेल, पण या हट्टाचे उपकार आहेत.) अडतं ते बहुतेकदा जीलिबसीपाशी, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅमांना लागणाऱ्या सी भाषेच्या मूळ लायब्ररीपाशी. जुन्या जीलिबसीवर बनवलेला प्रोग्रॅम नव्या जीलिबसीवर चालतो, उलटं नाही.

मी स्वतः यात आपटलोय. उबंटू 22.04 वर, म्हणजे जीलिबसी 2.35 वर, एक छोटं टूल बनवलं आणि ऑफिसातल्या 20.04 च्या मशीनवर टाकलं. तिथे 2.31. उत्तर आलं, 'जीलिबसी 2.34 सापडली नाही'. मी 2.34 मधलं काहीच वापरलं नव्हतं! नंतर कळलं, प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच 2.34 मध्ये नवा आवृत्ती-क्रमांक मिळालाय. म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅमही तिथे अडला असता.

म्हणून ज्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोवर प्रोग्रॅम चालवायचाय, तिच्याच कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवर ती डिस्ट्रो वेगळी चालवणाऱ्या कप्प्यात) तो बिल्ड करा. पायथॉनची पॅकेजं बऱ्याच डिस्ट्रोंवर चालावीत म्हणून पायथॉनवाल्यांनी ठरवलेलं 'मेनीलिनक्स' हे मानक हेच करतं. त्याची 2014 वाली आवृत्ती सेंटओएस 7 वर, जीलिबसी 2.17 धरून बेतलेली आहे. डेस्कटॉपचं ॲप असेल तर सरळ फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्ररींची सोय स्वतःच करणारं पॅकेज) करा. डिस्कवर जागा जास्त खातं, पण लायब्ररींसाठी डिस्ट्रोच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.