बेळगाव भागात मुलांसाठी ऑनलाइन सुरक्षेवर गीतलेखन स्पर्धा घ्यायची आहे. विषय, नियम, परीक्षण कसं ठेवावं?

प्रश्नासोबत तुम्ही तीन गोष्टी कळवल्या आहेत: मुलं १३ ते १९ वयाची, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची, आणि गाण्यांचे व्हिडिओ मागवून व्हॉट्सअॅपवर लिंक फिरवायची नि जास्त मतं मिळतील त्याला पहिला नंबर द्यायचा. या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती आजच्या आज रद्द करा.

"माझ्या भाचीला स्पर्धेत मत द्या, एकच मिनिट लागेल" हा मेसेज स्वतःच एक चालू फसवणूक आहे. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून लिंक येते. उघडली की मुलांचे फोटो, खाली "मत द्या". मत द्यायला मोबाइल नंबर टाका म्हणतात, मग एक कोड दाखवतात आणि तो व्हॉट्सअॅपमध्ये टाकायला सांगतात. तो कोड म्हणजे तुमचं व्हॉट्सअॅप दुसऱ्याच्या यंत्राला जोडून देण्याची परवानगी. पुढे तुमच्याच नावानं तुमच्या सगळ्या पाहुण्यांना "अर्जंट वीस हजार पाठव" असे मेसेज जायला लागतात. तुमची लिंक खरी असेल हो, पण ऑनलाइन सुरक्षेच्या स्पर्धेनंच अख्ख्या गावाला असल्या लिंकवर बोट दाबायची सवय लावायची म्हणजे कमाल झाली.

व्हिडिओ मागवण्याचंही तेच. पोरगी गणवेशात उभी, खिशावर शाळेचं नाव, मागं घराचं दार, आणि सुरुवातीलाच "माझं नाव अमुक, मी तमुक गल्लीत राहते". इतकी माहिती आपण होऊन जगापुढे मांडायची नाही हेच तर गाण्यात शिकवायचं आहे ना? शब्द कागदावर मागवा, गाणं समोर ऐका. चित्रीकरण करायचंच असेल तर आधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, असं त्यात स्पष्ट आहे.

आता विषय. "ऑनलाइन सुरक्षा" असा विषय देऊ नका. मी या भागात अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, आणि विषय एवढा मोठा दिला की काय येतं ते मला तोंडपाठ आहे. "इंटरनेट शाप की वरदान" या निबंधाला चाल लावलेली असते. पहिल्या कडव्यात विज्ञानाचं कौतुक, दुसऱ्यात धोका, तिसऱ्यात "सावध व्हा रे सावध व्हा". लिहिलेलं असतं वडिलांनी किंवा सरांनी, पोरगं नुसतं गातं. ऐकणाऱ्याला एकही नवी गोष्ट कळत नाही.

एक गाणं, एक डाव, म्हणजे फसवणुकीची एकच युक्ती. एवढा एकच नियम कडक ठेवा. डावांची यादी तुम्ही देऊ नका, पोरांनाच विचारा. तेरा-चौदाची पोरं गेममध्ये भेटलेल्या अनोळखी "दादा"बद्दल बोलतील, कुणीतरी वर्गातल्या मुलीच्या नावानं उघडलेल्या खोट्या इन्स्टाग्राम खात्याबद्दल सांगेल. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल आजोबांनी दाबली आणि फोन हातचा गेला, हे सांगणारंही कुणीतरी निघेल. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारं अॅप असतं.

अठरा-एकोणीसच्यांचं जग वेगळंच. त्यांना टेलिग्रामवर "व्हिडिओ लाइक करा, घरबसल्या कमवा" येतं. आधी शंभर-दोनशे रुपये खरंच देतात, मग "पुढच्या टास्कसाठी पैसे भरा" सुरू होतं. त्याहून वाईट म्हणजे "तुझं बँक खातं थोडे दिवस वापरायला दे, कमिशन देतो". कॉलेजची पोरं यात सहज अडकतात. दुसऱ्या कुणाच्या लुटीचे पैसे आपल्या खात्यातून गेले की खातं गोठतं आणि पोलीस आधी आपल्याच दारात येतात. निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या पोरानं यावर गाणं लिहिलं तर मी ते आधी ऐकीन, कारण या विषयावर गाणं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

दुसरी गोष्ट, गाण्यात बोलतंय कोण? उपदेश करणारा नको. इथं आपल्या परंपरेत तयार सोय आहे ती वापरा. नाथांनी भारुडात कधी जोशाचं सोंग घेतलं, कधी वासुदेवाचं, कधी गोंधळ्याचं. पोरांना सांगा, ठगाचं सोंग घ्या. ठगालाच गाऊ दे:

मी बँकेचा बाबू, माझं नाव सांगेना
तुझं सारं विचारतो, तुला कसं कळेना?

नमुना म्हणून मी जागेवर रचलेल्या ओळी आहेत या, पोरं याहून बऱ्या लिहितील. ठगाच्या तोंडी गाणं दिलं की लिहिणाऱ्याला त्याचा डाव पायरीपायरीनं समजून घ्यावाच लागतो: आधी घाबरवणं किंवा आमिष, मग घाई, मग "कुणाला सांगू नका". डिजिटल अटकेच्या फोनमध्ये तर या तिन्ही एकदम येतात. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा वेश, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले", आणि कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. अशी अटक भारतातल्या कुठल्याच कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना हे सांगावं लागलं, यावरून काय ते समजा. हे फोन बहुतेक हिंदीत येतात, आणि मालिका बघून आपल्याकडच्या आज्यांना हिंदी भीती वाटण्यापुरतं बरोबर कळतं. त्यामुळं सोंगातला ठग हिंदीत आणि आजी खानापुरी मराठीत, अशी सवाल-जवाबाची रचना झकास रंगेल.

चाल सिनेमाच्या गाण्याची घेऊ देऊ नका. शब्द बदलले तरी चाल कुणाच्या तरी मालकीची असते, आणि उद्या गाणं यूट्यूबवर टाकलंत तर आपोआप दावा लागू शकतो. ओवी, भारूड, पोवाडा, गवळण, भजनाच्या जुन्या चाली कुणाच्या मालकीच्या नाहीत. कन्नड माध्यमाच्या पोरांकडं गीगी पद हा कन्नड लोकगीताचा प्रकार आहे. त्यातला मागं साथ धरणाऱ्यांचा "गी गी" आणि आपल्या पोवाड्यातला "जी जी" शेजारी बसवून बघा, एकाच गटात दोन्ही माध्यमांची पोरं सहज गातील. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथल्याच सुळेभावीचा. दोन भाषांत वाढलेले कान ही या मातीत नवलाई नाही. म्हणून मराठी गट, कन्नड गट अशी वाटणी करू नका. मिश्र गाणं चालेल असं स्पष्ट लिहा. ध्रुपद असं काही:

ओटीपी कोडबेडा, ओटीपी देऊ नको
गोड बोलतो म्हणून त्याला आपला म्हणू नको

ध्रुपदाबद्दल माझा आग्रह आहे, कारण कडवी कुणालाच आठवत नाहीत. ध्रुपदात एक कृती हवी, शक्य असेल तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर हवा. पैसे गेल्याबरोबर या नंबरवर फोन केला तर पुढच्या बँकेत ती रक्कम रोखता येण्याची शक्यता असते. जितका उशीर तितके पैसे खात्यामागून खात्यात पांगत जातात. "एक नऊ तीन शून्य" ठेक्यात बसतं, कन्नडातलं "ओंदु ओंबत्तु मूरु सोन्ने" तर त्याहून छान बसतं. आपल्या भागात आणखी एक गोंधळ असतो: खातं कोल्हापूरच्या बँकेत, माणूस निपाणीचा, सिम तिसरीकडचं, मग तक्रार कुठं? १९३० आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल देशभर एकच आहे. शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. एखाद्या हुशार पोरीनं "हद्द आमची नाही" म्हणणाऱ्या हवालदाराचं कडवं केलं तर टाळ्या नक्की.

तपशील मात्र कुणाकडून तरी तपासून घ्या. "पैसे मागणारी रिक्वेस्ट आली तर पिन टाकू नको" अशी गाणी भरपूर झाली, पण ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडं अशी रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मात्र तेव्हाही खरं होतं नि आताही आहे. तेच गाण्यात ठेवा. लिहायला बसण्याआधी एक दुपार बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यातल्या कुणाला तरी बोलवा आणि पोरांना प्रश्न विचारू द्या. (भाषण नको. माइक हातात आला की साहेब मंडळी अर्धा तास सोडत नाहीत.)

आता जी गोष्ट नियमावलीत कुणीच लिहीत नाही ती. "फोटो पाठवू नको, बोलू नको, उघडू नको" असली गाणी ऐकून ज्या पोरीनं फोटो आधीच पाठवलाय ती काय करणार? ती आणखी गप्प बसणार. ब्लॅकमेल करणाऱ्याची सगळी ताकद त्या गप्प बसण्यातच असते. म्हणून "नको"वर थांबणाऱ्या गाण्यापेक्षा "सांग"वर येणाऱ्या गाण्याला मी जास्त गुण देतो.

गेममधला दादा म्हणे, "फोटो धाड ना एक
आईला सांगायचं नाही" — तिथंच मार ब्रेक

आणि त्यापुढं आईनं काय करावं याचंही एक कडवं हवं, कारण फोन हिसकावून घेतला की पोरगी पुढच्या वेळी सांगत नाही. १८ खालच्या मुलांचे असे फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याची फक्त अंकी खूण तयार होते आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणी ती खूण जुळली तर तो काढला जातो. बालहेल्पलाइन १०९८ आहेच.

एखादं गाणं वाचताना तुम्हाला वाटेल की हे कल्पनेतलं नाही, हे या पोरीचं स्वतःचं आहे. असं होतं. त्या क्षणी ती प्रवेशिका राहत नाही. ते गाणं स्टेजवर नेऊ नका, मंडळाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. मुलाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आयोजकांवरही. अशा वेळी पोरीशी कोण बोलणार, पुढं कुणाकडं नेणार, हे स्पर्धा जाहीर करण्याआधी ठरवून ठेवा. शक्यतो एखादी बाई शिक्षिका असावी.

परीक्षणात शब्दांना जास्त गुण, गळ्याला कमी. नाहीतर क्लासला जाणारी दोन पोरं दरवेळी बक्षीस नेतात आणि गीतलेखन बाजूला राहतं. एआयनं लिहिलेली गाणी येणारच. ती ओळखायला सॉफ्टवेअर शोधत बसू नका. पोराला वाद्याशिवाय समोर उभं करा आणि विचारा, "ही ओळ कुठून सुचली बे?" ज्यानं लिहिलंय तो पाच मिनिटं बोलायचा थांबणार नाही, ज्यानं नाही तो वडिलांकडं बघायला लागेल.

तारीख म्हणाल तर, सेफर इंटरनेट डे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी येतो, पण तेव्हा दहावीची पोरं परीक्षेच्या तयारीत असतात. स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये उरका, म्हणजे निवडलेली गाणी गणपतीत मंडपात गाता येतील. तिथं आज्या, मावश्या, पानटपरीवाले सगळे असतात. पुढं कडोली, येळ्ळूर, उचगावची साहित्य संमेलनं आहेत, तिथं दहा मिनिटं मागून बघा. बक्षीस म्हणून स्मार्टफोन देऊ नका एवढीच विनंती. चांगली ढोलकी द्या.