पंखवाल्या पोरांचं चित्र वाचताना

घाबरू नका, बरोक एचिंगमधल्या (म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या युरोपीय शैलीच्या, आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेल्या चित्रांतल्या) त्या पंखवाल्या गुबगुबीत पोरांच्या चेहऱ्यांत पहिल्यांदा सगळेच अडकतात. चेहरे सोडा, हात बघा. साबणाचा फुगा किंवा कवटी असेल तर आयुष्य क्षणभंगुर. उलटी धरलेली मशाल म्हणजे बहुधा मृत्यू. एकाकडे पक्षी, दुसऱ्याकडे मासा, तिसऱ्याकडे आग, चौथ्याकडे फळं? मग ती महाभूतं (आपली पाच, त्यांची चारच!).

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पंख दिसले की देवदूत समजतात. धनुष्यबाण असेल तर तो क्यूपिड, रोमन प्रेमदेव.
- डाव्या-उजव्या हातावरून अर्थ काढतात. ठसा प्लेटच्या उलटा उमटतो, तेव्हा जपून.

चित्राखालची बारीक लॅटिन अक्षरंही वाचा: 'इन्व्हेनिट'च्या आधी कल्पना करणाऱ्याचं नाव असतं, 'फेसिट'च्या आधी प्लेट बनवणाऱ्याचं. इटालियन लेखक चेझारे रिपाचा प्रतीककोश (सचित्र आवृत्ती १६०३ ची) नंतर उघडा. आधी आठवडाभर एकच चित्र बघा.