‘जाब विचारणे’ मधला जाब नेमका काय?

प्रश्न असा आलाय: समाजवादी नेत्या मृणाल गोरेंवरच्या एका लेखात "मृणालताईंनी सरकारला जाब विचारला" असं वाक्य होतं, तपासणाऱ्याने ते बदलून "शासनाच्या उत्तरदायित्वाची मागणी केली" असं केलं, कारण म्हणे जाब हा भांडणाचा शब्द वाटतो. तर जाब म्हणजे जबाबच का आणि छापील लेखात तो चालतो का.

चालतो, आणि इथे तर तोच पाहिजे.

जाब हे जबाबचंच आखूड झालेलं रूप आहे. मूळ अरबी जवाब, फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत जवाब, जबाब, जाब अशी तिन्ही रूपं टिकली, फक्त प्रत्येकाने आपापलं काम वाटून घेतलं. पोलिसात देतात तो जबाब, लावणीच्या फडात सवालाला मिळतो तो जवाब (तिथे जबाबही म्हणतात). जुन्या कागदपत्रांत जाबसाल भेटतो, म्हणजे सवालजबाब, बोलणी. आणि ग्राहक मंचाचा (आता त्याला आयोग म्हणतात) मराठी निकाल कधी वाचला असेल तर त्यात तक्रारदाराच्या समोर ‘जाबदेणार’ असतो, काही कोर्टाच्या कागदांत ‘जाबदार’. म्हणजे ज्याच्यावर उत्तर द्यायची पाळी आहे तो. हे कोर्टाच्या निकालात चालतं तर लेखात न चालायला काय झालं! एक मात्र, कानूजाबत्यातला जाबता यात मिसळू नका, तो वेगळ्या अरबी शब्दावरून आलाय आणि त्याचा अर्थ नियम, कायदा.

आता कोणी म्हणेल जाब म्हणजे उत्तर, मग उत्तर ‘विचारायचं’ कसं, विचारतात तो प्रश्न. पण आपण पत्ता विचारतो, भाव विचारतो, नाव विचारतो, म्हणजे जे हवंय तेच विचारणेचं कर्म होतं, तसंच हे. खरी गंमत पुढे आहे. भाव कोणीही कोणालाही विचारू शकतो, जाब तसा नाही विचारता येत. रस्त्यात अनोळखी माणसाला किती वाजले विचारलं तर तो जाब होत नाही. समोरच्यावर उत्तर द्यायचं बंधन असायला लागतं आणि विचारणाऱ्याकडे तसा हक्क. आणि तो हक्क पूर्वीपासून वरच्याचा, मालकाने गड्याला जाब विचारायचा, सासूने सुनेला, साहेबाने कारकुनाला. खालून वर जाब विचारला तर त्याला उद्धटपणा म्हणायचे. त्या तपासणाऱ्याला जाब भांडणाचा वाटला तो बहुतेक याच जुन्या सवयीने.

मृणालताईंच्या बाबतीत हा शब्द इतका बसतो तो म्हणूनच, त्यांनी दिशा उलटी केली. 1961 साली त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या, गोरेगावात पाणी नव्हतं, त्यासाठी त्यांनी महापालिकेला इतकं सळो की पळो केलं की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले. 1972 ला आमदार झाल्या, महागाईविरोधात कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांबरोबर बायकांचे लाटणे मोर्चे काढले. आणीबाणीत तुरुंगात गेल्या आणि 1977 ला खासदार झाल्या तेव्हा "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा गाजली, दिल्लीवाली बाई म्हणजे निवडणूक हरलेल्या इंदिरा गांधी. या बायकांना कोणी वरचं मानत नव्हतं, हातात लाटणं आणि हंडा, आणि तरी त्या मंत्र्याला जाब विचारत होत्या. हे ‘उत्तरदायित्वाची मागणी केली’ या शब्दांत कसं मावणार?

बरं जाब म्हणजे नुसता आरडाओरडा असंही नाही, सभागृहात त्याची रीतसर हत्यारं आहेत. तारांकित प्रश्न बघा. प्रश्नावर तारा म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर सदस्य उपप्रश्न विचारू शकतात, अतारांकितचं उत्तर नुसतं लेखी येतं. छापील प्रश्नाची ठेवण ठरलेली असते, आधी "अमुक घडले हे खरे आहे काय", मग "असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". उत्तरं पण ठरलेली, "हे खरे आहे", "अंशतः खरे आहे", आणि "प्रश्न उद्भवत नाही". माझ्या मते जाब या शब्दाचा अख्खा अर्थ त्या विलंबाच्या कारणांच्या ओळीत आहे, कारण काय घडलं ते कळणं वेगळं आणि का केलं नाहीत ते सांगायला लावणं वेगळं. लक्षवेधी पण त्याच कामाची, म्हणजे एखाद्या तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधून उत्तर मागायचं. मूळ ‘लक्षवेधी सूचना’, पण आमदार आणि पत्रकार ‘सूचना’ हा शब्द गाळूनच टाकतात, नुसतं "लक्षवेधी लागली" म्हणतात, विशेषणाचं नाम झालंय तिथे.

मृणालताई 1985 ला परत विधानसभेत आल्या, दशकाच्या शेवटी विरोधी पक्षनेत्याही होत्या. 1986 मध्ये त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक. तेव्हा मुंबईत मुलगी आहे का बघायला गर्भजल तपासणी सर्रास चालायची आणि त्याविरुद्ध बायकांच्या संघटना रस्त्यावर होत्या. शेवटी 1988 मध्ये सरकारनेच कायदा केला, देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, केंद्राचा कायदा आला 1994 ला. बाहेरचा रेटा आणि आतून कागदावर टाकलेला मसुदा दोन्ही एकत्र आले की सरकारला नुसतं ‘बघतो’ म्हणून सुटता येत नाही.

उत्तरदायित्व हा शब्द वाईट नाहीये, उत्तर देण्याचं दायित्व, अर्थ अगदी चोख. व्यवस्थेबद्दल लिहिताना तो वापरा, "महापालिकेचं उत्तरदायित्व वाढवणारे नियम" वगैरे. जबाबदारी मात्र तिथे अपुरी पडते कारण तिचा अर्थ आता कर्तव्याकडे झुकलाय, "घरची जबाबदारी", "जबाबदार मुलगी". पूर्वी असं नव्हतं, संस्थानी प्रजेच्या चळवळींत ‘जबाबदार राज्यपद्धती’ मागायचे, औंध संस्थानात 1939 ला ती आलीही, तिथे जबाबदार म्हणजे लोकांना उत्तर द्यायला बांधलेलं सरकार असाच अर्थ होता. आज मात्र "जबाबदार सरकार" लिहिलं तर वाचणाऱ्याला शहाणं, समंजस सरकार वाटेल.

तेव्हा बाई समोर उभी राहून विचारतेय तिथे जाब विचारला, मंत्र्याला उभं राहून सांगावं लागतंय तिथे जाब द्यावा लागला, आणि नियम-कायद्याची चर्चा असेल तिथे उत्तरदायित्व. तुमचं मूळ वाक्य परत घ्या, फक्त कशाबद्दल जाब विचारला तेही त्यात घाला, "पाण्याबद्दल महापालिकेला जाब विचारला" असं.