वाचकांचे प्रश्न : कॉलनीत वेग ३० वर कसा आणायचा?

इंदूरच्या निरनिराळ्या वस्त्यांतून रस्त्यावरच्या वेगाबद्दल पत्रं येत आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. आकडे आणि मापं मुद्दाम तपशिलात दिली आहेत, कारण अर्ज घेऊन झोन कार्यालयात गेल्यावर तीच उपयोगी पडतात.

प्रश्न : सिग्नल टाळायला लोक आमच्या कॉलनीतून गाड्या काढतात. आम्ही ३० ची मर्यादा मागतो आहोत. पण काही शेजारी म्हणतात, ५० आणि ३० मध्ये असा काय फरक आहे, उगाच वेळ जाईल. त्यांना काय सांगावं? (सुदामा नगर)

३० च्या वेगात गाडी एका सेकंदात ८.३ मीटर जाते, ५० च्या वेगात १३.९ मीटर. उभ्या गाडीच्या आडून कोणी रस्त्यात आलं, तर सावध चालकालाही ब्रेकवर पाय ठेवायला साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगानं पुढं जातच असते. ब्रेक लागल्यानंतर, कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले, तर ३० ची गाडी आणखी ५ मीटरांत थांबते, म्हणजे एकूण १३ मीटर. ५० च्या गाडीला ब्रेकनंतर आणखी १४ मीटर लागतात, एकूण २८. याचा अर्थ असा, की ३० ची गाडी जिथं पूर्ण थांबलेली असते, तिथं ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती धडक ५० नंच बसते. पावसात हेच आकडे साधारण १७ आणि ३८ मीटर होतात. चालक फोनवर असेल तर एका सेकंदाचे दोन सेकंद धरा.

जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्रही शेजाऱ्यांना सांगा : सरासरी वेग १ टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्के वाढतो. म्हणून पादचारी, सायकली आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथं ३० ची मर्यादा असावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे.

आता वेळ. ६०० मीटरचा रस्ता सलग ५० नं कापला तर ४३ सेकंद, ३० नं ७२. फरक २९ सेकंदांचा, आणि तोही मधे एकही वळण, गाय किंवा भाजीची गाडी न येता. प्रत्यक्षात तेवढाही पडत नाही.

प्रश्न : आमच्या रहिवासी समितीनं वर्गणी काढून ‘वेगमर्यादा २०’ चे बोर्ड लावले. कोणी मानत नाही आणि चालानही होत नाही. असं का? (लोकमान्य नगर)

कारण कायद्याच्या नजरेत तो बोर्ड नाहीच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे स्थानिक मर्यादा ठरवायचा अधिकार राज्य शासनाला किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात : राजपत्रात अधिसूचना, आणि कलम ११६ प्रमाणे रस्त्यावर लावलेलं चिन्ह. अधिसूचना आहे पण बोर्ड नाही, तर चालान टिकत नाही. बोर्ड आहे पण अधिसूचना नाही, तरी टिकत नाही. शिवाय कलम ११६ प्रमाणे इतर कोणी वाहतुकीचं चिन्ह लावूच शकत नाही, त्यामुळे समितीचा बोर्ड काढायलाही सांगितलं जाऊ शकतं.

स्थानिक आदेश नसला तर काय होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगर निगम हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ७०, दुचाकीला ६० आणि तीनचाकीला ५० ही कमाल मर्यादा आहे. तुमच्या गल्लीसाठी वेगळा आदेश नसेल, तर तिथं ६० नं जाणारी मोटार वेगमर्यादा मोडतच नाही. धोकादायक पद्धतीनं चालवण्याचं कलम १८४ आहे, पण ते सिद्ध करणं वेगळं काम. म्हणून आधी आदेश मिळवा.

अर्ज यातायात पोलिसांच्या उपायुक्तांकडे करा. एक प्रत नगर निगमाच्या झोन कार्यालयात, एक पार्षदांना आणि एक जिल्हा सडक सुरक्षा समितीला द्या. अर्जात रस्त्याचं नाव, तो कुठून कुठपर्यंत, रुंदी, शाळा, बगिचा, मंदिर कुठं आहे याचा हातानं काढलेला नकाशा आणि मोजलेले वेग (पुढचं उत्तर पाहा) जोडा. कलम ११२ मध्येच एक सोय आहे, ती जरूर मागा : मर्यादा एक महिन्याहून जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. म्हणजे महिनाभराचा प्रयोग करून, आधीचे आणि नंतरचे आकडे घेऊन कायमचा आदेश मागता येतो. अधिकाऱ्यांनाही ‘करून बघू’ म्हणणं सोपं जातं.

आणि २० नको, ३० मागा. रुंद, सरळ रस्त्यावर २० चा बोर्ड भल्या चालकालाही पटत नाही, आणि न पटणारा एक बोर्ड बाकीच्या बोर्डांची किंमत घालवतो. दंड कलम १८३ मध्ये आहे : हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,०००.

प्रश्न : आमच्याकडे स्पीड गन नाही. वेग मोजायचा कसा? (तिलक नगर)

चुन्यानं रस्त्यावर ५० मीटर अंतरावर दोन रेघा मारा. टेपनं मोजा, पावलांनी नको. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की स्टॉपवॉच चालू, दुसरीवर आलं की बंद. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. ६ सेकंद म्हणजे ३०, साडेचार म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०, ३ म्हणजे ६०. दोन रेघांवर दोन माणसं ठेवली तर दुसऱ्यानं हात वर केला की पहिल्यानं घड्याळ बंद करायचं, यात उशीर होतो आणि वेग कमी दिसतो. त्यापेक्षा एकाच माणसानं दोन्ही रेघा दिसतील अशा गच्चीवरून मोजावं, किंवा मोबाइलवर चित्रण करून नंतर वेळ काढावी. गच्चीचा आणखी एक फायदा : रस्त्याकडेला वही घेऊन माणसं उभी दिसली की गाड्या आपोआप हळू होतात आणि मोजणी फुकट जाते.

पुढं दुसरी गाडी नसलेल्या, मोकळ्या चाललेल्या गाड्याच मोजा. दुचाकी आणि मोटारींची यादी वेगळी ठेवा. ई-रिक्षा या यादीत मिसळू नका. तिचा कमाल वेगच २५ असल्यामुळे सरासरी खोटी खाली येते. शंभर नोंदी झाल्या की वेगाच्या उतरत्या क्रमानं लावा आणि वरून सोळावी नोंद पाहा. ८५ टक्के गाड्या त्या वेगानं किंवा त्याहून हळू जातात. अभियंते हाच आकडा विचारतात. तो ३५ च्या आत असेल तर अधिसूचना, बोर्ड आणि रंगकाम पुरेल. ४५ च्या वर असेल तर नुसत्या बोर्डानं काहीही होणार नाही, रस्त्याचा आकारच बदलावा लागेल.

ही मोजणी चालानासाठी पुरावा नाही, अर्जासाठी आहे. एसजीएसआयटीएस सारख्या अभियांत्रिकी संस्थेच्या सिव्हिल विभागातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून ती करायला मिळाली, तर अर्जाचं वजन वाढतं.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर गतिरोधक आहे, तरी गाड्या जोरात जातात. उलट स्कूटरवर मागं बसलेल्या बायका पडतात, कंबरदुखीवाल्यांचे हाल होतात. गतिरोधक वाईट की आमचा वाईट? (राजेंद्र नगर)

तुमचा वाईट. पत्रातल्या वर्णनावरून तो अर्धा मीटर रुंद आणि १२ ते १५ सेंटीमीटर उंच असावा. अशा अरुंद उंचवट्यावर मोटार हळू गेली तर धक्का जास्त बसतो आणि जोरात गेली तर स्प्रिंगा तो गिळून टाकतात. चालक हे चार दिवसांत शिकतो. दुचाकीचं उलट होतं : चाक उडतं, मागच्या माणसाची पकड सुटते. म्हणजे ज्याला आवरायचं तो सुटतो आणि ज्याला वाचवायचं तो पडतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेतला गोल हम्प असा आहे : रस्त्याच्या दिशेनं लांबी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटीमीटर, वक्राची त्रिज्या १७ मीटर. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण अडीच मीटर असतं. हम्प त्याहून लांब असल्यामुळे सबंध गाडी वर चढते आणि उतरते. २५ च्या आसपास ते सुसह्य असतं, ४० ला अजिबात नाही. तपासणी सोपी आहे. हम्पच्या माथ्यावर सपाट फळी आडवी धरून खालचं अंतर मोजा, किंवा ३.७ मीटरचा प्लायवूडचा फर्मा कापून घ्या : मध्यभागी १० सेंटीमीटर, मध्य आणि कडेच्या बरोबर मधे ७.५, कडेला शून्य. काम चालू असताना हा फर्मा हातात असलेला एक शेजारी तिथं उभा असला पाहिजे. डांबर थंड झाल्यावर ठेकेदार पुन्हा येत नाही.

इंदूरच्या कॉलन्यांत सिमेंटचे रस्ते पुष्कळ आहेत आणि तिथं एक चूक हमखास होते : गुळगुळीत काँक्रीटवर थेट डांबराचा ढीग. पहिल्या पावसाळ्यात तो पापुद्र्यासारखा सुटतो, अर्धा उरतो, आणि उरलेला अर्धा पूर्ण हम्पपेक्षा धोकादायक असतो. काँक्रीट टाचून खडबडीत करणं, धुणं आणि टॅक कोट (डांबराचा पातळ चिकट थर) मारणं यांशिवाय डांबर धरत नाही. रबरी पट्ट्यांचे बोल्ट सैल होतात, तुकडा निघून जातो आणि बोल्टचं टोक वर राहतं. वस्तीतल्या रस्त्यावर त्या नकोतच.

दोन हम्पमध्ये १०० ते १२० मीटर अंतर. पहिल्याच्या ४० मीटर आधी सूचनेचा बोर्ड. वर थर्मोप्लास्टिकचे काचमणी असलेले पट्टे. साधा ऑइल पेंट पावसात घसरडा होतो आणि रात्री दिसत नाही. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं हम्प गल्लीत, मोठ्या रस्त्याच्या कडेपासून सुमारे ५ मीटर आत. वळणावर, मॅनहोलच्या झाकणावर नको. पाणी जायला कडेला फट सोडावी लागते. तिथूनच दुचाक्या निघतात, म्हणून फटीसमोर खांब बसवून घ्या.

प्रश्न : आमच्या रस्त्यावरून दवाखान्याकडे ॲम्ब्युलन्स जातात, हम्प नको आहेत. दुसरा उपाय?

आहे, आणि आमच्या मते तो हम्पपेक्षा चांगला आहे. वेग बराचसा रुंदीवरून ठरतो. ९ मीटरचा मोकळा काँक्रीट रस्ता चालकाला ५० म्हणतो, बोर्ड काहीही म्हणो. पांढऱ्या रेघेनं प्रत्येक लेन ३ मीटर किंवा थोडी कमी करा आणि उरलेली जागा चालायला आणि पार्किंगला द्या. पार्किंग काही अंतर डावीकडे, मग उजवीकडे असं आलटून पालटून दिलं की सरळ धाव तुटते.

दुसरं ठिकाण कोपरा. कोपऱ्याचा कर्ब (रस्त्याच्या कडेचा उंच काठ) ८-९ मीटर त्रिज्येचा असला तर गाडी न थांबता वळते. ३ ते ४ मीटर केला की वेग उतरतोच आणि पादचाऱ्याला ओलांडायचं अंतरही घटतं. कचऱ्याची गाडी आणि अग्निशमनाचा बंब वळतो का, हे आधी पाण्यानं भरलेले प्लास्टिकचे बॅरियर मांडून प्रत्यक्ष वळवून पाहा. महिनाभराच्या प्रयोगात हेच बॅरियर वापरता येतात. कोपऱ्यापासून काही मीटर गाडी उभी राहू देऊ नका. आडोसा तिथंच तयार होतो.

प्रश्न : कॉलनीतली आठवी-नववीची मुलं स्कूटर पळवतात. पालकांना कायदा लागतो का?

लागतो. २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ : पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीत हम्प झाले आणि गाड्या शेजारच्या गल्लीतून जाऊ लागल्या. आता शेजारची गल्ली आमच्यावर चिडली आहे. एकेरी वाहतूक मागावी का?

एकेरी नको. समोरून कोणी येणार नाही याची खात्री झाली की चालक वेग वाढवतो. चूक एकच गल्ली निवडण्यात झाली आहे. मोठ्या रस्त्यांनी वेढलेला सबंध तुकडा एका अर्जात घ्या आणि त्याच्या प्रत्येक प्रवेशावर ३० चा बोर्ड व अरुंद केलेलं तोंड मागा, म्हणजे आत आल्यावर सगळीकडे एकच नियम राहतो. त्यानंतरही मधून आरपार जाणारी वाहतूक थांबली नाही, तर आतल्या एका चौरस्त्यावर काढता येणाऱ्या खांबांनी मोटारींची सरळ वाट बंद करता येते : रहिवासी दोन्ही बाजूंनी आपल्या घरी पोचतात, शॉर्टकट मात्र राहत नाही. खांबांच्या कुलपाची किल्ली अग्निशमन केंद्रात असली पाहिजे. शेजारच्या गल्लीच्या सह्या अर्जावर तुमच्या सह्यांच्या आधी घ्या, आणि चुन्याच्या रेघा दोन्ही गल्ल्यांत एकाच दिवशी मारा.