इक्विटी : शब्द एक की दोन?

प्रश्न : वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर ‘इक्विटी’ म्हणजे शेअर. त्याच अंकात अग्रलेखात ‘शिक्षणातली इक्विटी’, म्हणजे काहीतरी न्यायाचं. हे दोन वेगळे शब्द आहेत का? आणि नातू म्हणतो तसा याचा घोड्याशी संबंध आहे का? (तो ‘इक्वेस्ट्रियन’ शब्द नुकताच शिकला आहे.)
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नाने माझी जुनी फजिती आठवली. भाषांतराची कामं नुकतीच घ्यायला लागलो होतो. एका गहाणखतात हा शब्द आला आणि मी बेधडक ‘समभाग’ लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्या वकिलांनी शब्दाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला एवढंच लिहिलं, ‘जमिनीचे शेअर कुठून आले?’ उत्तर शोधताना कळलं, की शब्द एकच आहे आणि त्याचे दोन्ही अर्थ गहाणखतातच एकमेकांना भेटतात.

मूळ लॅटिन. ‘एक्वुस’ म्हणजे सपाट, एका पातळीतलं. त्यावरून ‘एक्विटास’, म्हणजे समपणा, न्यायबुद्धी. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. पृथ्वीचे दोन सारखे भाग करणारं इक्वेटर आणि दोन बाजू सारख्या असणारं इक्वेशन ही याचीच भावंडं. ‘इनिक्विटी’ म्हणजे अन्याय, दुष्टपणा. त्याचा शब्दशः अर्थ मात्र नुसता ‘सपाट नसणं’. मला हा फार आवडतो. आपणही ‘विषम वागणूक’ म्हणतो तेव्हा मनात चढउतारच असतो की!

आता इंग्लंडमध्ये चला. तिथली सामान्य न्यायालयं कायद्याच्या अक्षराला घट्ट धरून चालत. त्यामुळे ज्याच्यावर अन्याय होई तो राजाकडे दाद मागे, आणि राजा ते गाऱ्हाणं चॅन्सेलरकडे, म्हणजे आपल्या एका बड्या मंत्र्याकडे, सोपवी. चॅन्सेलर सदसद्विवेकाला धरून निकाल देई. त्यातून चॅन्सरी न्यायालय उभं राहिलं आणि तिथल्या न्यायाला ‘इक्विटी’ म्हणू लागले. सगळे खूश होते असं नाही. जॉन सेल्डन या कायदेपंडिताने टोमणा मारला, की हे म्हणजे चॅन्सेलरच्या पावलाने फूट मोजण्यासारखं आहे. एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड. तरीही कायदा आणि इक्विटी यांची टक्कर झाली तर इक्विटी वरचढ, असा कौल पहिल्या जेम्स राजाने १६१६ मध्ये दिला. दोन्ही न्यायव्यवस्था एकाच छपराखाली आल्या त्या १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी.

आता माझं गहाणखत. त्या काळी कर्ज घेताना जमीन सावकाराच्या नावावर करून द्यावी लागे. ठरल्या दिवशी पैसे परत केले तर जमीन परत. एक दिवस उशीर झाला की जमीन गेली, मग ती कर्जाच्या दुप्पट किमतीची का असेना. चॅन्सरीला हे पटेना. मुदत टळली तरी वाजवी अवधीत मुद्दल आणि व्याज फेडून जमीन सोडवून घ्यायचा हक्क चॅन्सरीने ऋणकोला दिला. या हक्काचं नाव ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’, गहाण सोडवण्याचा हक्क.

समजा जमीन १००० पौंडांची आणि देणं ४०० पौंडांचं. सावकाराचे ४०० वळते केले की उरलेले ६०० मालकाचे. ते त्याला न्यायबुद्धीमुळे मिळाले, म्हणून हळूहळू त्या ६०० लाच इक्विटी म्हणू लागले. हक्काचं नाव रकमेला चिकटलं. पुढे कंपन्यांनाही हाच हिशेब लागू झाला: सगळी देणी भागवून जे उरेल ते भागधारकांचं. म्हणून त्यांचा वाटा इक्विटी, आणि त्यांचे शेअर इक्विटी शेअर.

तेव्हा मराठीत एकच प्रतिशब्द शोधत बसू नका. कायद्यात ‘समन्याय’, बाजारात ‘समभाग’, घराच्या कर्जाबद्दल बोलताना सरळ ‘कर्ज वजा जाता उरलेली मालकी’. शिक्षणाबद्दलच्या लेखात मी ‘समन्याय’च लिहीन. तिथे बरेच जण ‘समानता’ लिहितात, ते मला खटकतं. सगळ्यांना एकाच आकाराच्या अक्षरातली प्रश्नपत्रिका देणं ही समानता झाली. ज्याला कमी दिसतं त्याला मोठ्या अक्षरातली देणं हा समन्याय.

राहिला घोडा. नातवाचा कान तिखट आहे, पण गडी फसला. लॅटिनमध्ये घोडा equus, सपाट aequus. पहिल्याची सुरुवात साध्या e ने होते, दुसऱ्याची ae या जोडस्वराने. इंग्रजीत येताना तो जोडस्वर गळाला आणि दोघे सारखे दिसायला लागले. त्याला सांगा, त्या घोड्याचा खरा नातलग आपल्याकडेच आहे: संस्कृतातला ‘अश्व’.